खाऱ्या पाण्यातील जुने इंजिन

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि पश्चिमेस समुद्र अशी रचना असून, जामसरसारखी गावे ज्या डोंगरपट्ट्यात वसली आहेत तेथील बरेचसे पावसाचे पाणी सूर्या आणि पिंजाळ या नद्यांतून वैतरणेला मिळते व वैतरणा अर्नाळ्याजवळ खाडीवाटे समुद्राला जाऊन मिळते. नदीचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी जेथे मिसळते त्या खाडीत, तसेच किनाऱ्यालगतच्या लहान मासेमारीत, होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून पकडीने बसवलेले आणि काम संपल्यावर उतरवून नेता येणारे इंजिन, म्हणजेच आउटबोर्ड, उपयोगी पडते. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अशा इंजिनाची विक्री सुरू केली. तेव्हापासून त्याची मूळ मांडणी फारशी बदललेली नाही. वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात बुडालेल्या डब्यात दातेरी चाके व पंखा, असे त्याचे तीन भाग असतात.

नवे इंजिन महाग असल्याने लहान होडीचा मालक पुष्कळदा वापरलेले इंजिन घेतो. अशा इंजिनाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, ती ही की चालून होणाऱ्या झिजेपेक्षा बंद अवस्थेत होणारी हानी अनेकदा मोठी असते, कारण आत राहिलेले मीठ, टाकीत राहिलेले जुने पेट्रोल आणि तेलात शिरलेले पाणी ही तिन्ही इंजिन थांबल्यावरच आपले काम सुरू करतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. दुरुस्तीला मोकळा वेळ याच काळात मिळतो आणि दुर्लक्ष झाले तर सर्वाधिक नुकसानही याच काळात होते.

देखभालीची सुरुवात पाण्यापासून करावी लागते. हे इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचेच पाणी आत खेचले जाते आणि ते काम दांड्याच्या तळाशी बसवलेला इंपेलर, म्हणजे पाकळ्या असलेले रबरी चाक, करतो. इंजिन सुरू असताना बाजूच्या छिद्रातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार हीच त्याची खूण असल्याने अनुभवी माणूस आवाजाच्या आधी ती धार पाहतो. धार बारीक झाली किंवा थांबली तर इंजिन तत्काळ बंद करावे लागते. पाण्याबाहेर ते थोडा वेळ जरी चालवले तरी कोरडे रबर घासून जळते. जुन्या इंजिनाचा खालचा डबा सोडवून इंपेलर बाहेर काढला असता पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच ताठरलेल्या आढळतात, क्वचित एखादी पाकळी तुटून तिचा तुकडा वरच्या पाणवाटेत अडकलेला असतो आणि तो शोधून काढल्याशिवाय नवा इंपेलर बसवणे व्यर्थ ठरते. नवा इंपेलर साबणाच्या पाण्याने ओला करून, दांडा त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने फिरवत घरात सरकवतात, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन काही मिनिटे चालवले की पाणवाटेतील मीठ धुऊन निघते. या एका सवयीने बरेचसे आजार टळतात.

त्यानंतर खालचा डबा तपासावा लागतो. दातेरी चाकांचे तेल बदलताना आधी खालचा आणि मग वरचा स्क्रू काढतात. तेल दुधाळ निघाले तर पंख्याच्या दांड्याचे किंवा इतर एखादे सील फाटून पाणी आत आल्याचे निश्चित समजावे. यामागे बहुधा नायलॉनचे जाळे किंवा दोरा असतो, जो पंख्याच्या मागे गुंडाळला जाऊन सीलमध्ये शिरतो. म्हणून तेल बदलताना पंखा काढून दांडा पाहणे आवश्यक असते. नवे तेल खालच्या छिद्रातून भरतात, जेणेकरून आतली हवा वरच्या छिद्रातून निघून जाते, आणि वरून तेल ओघळू लागताच आधी वरचा व मग खालचा स्क्रू नवे वायसर घालून आवळतात. याच भागाला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमऐवजी तो स्वतः झिजतो आणि त्यायोगे डब्याचे रक्षण करतो, म्हणून त्याला कधीही रंग लावू नये आणि अर्धा झिजताच तो बदलावा.

इंधनाच्या बाबतीत टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. अनेक इंजिनांसाठी ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर, असे प्रमाण असले तरी निर्मात्याच्या पुस्तिकेतील प्रमाणच अंतिम मानावे आणि मोटारसायकलीचे नव्हे तर पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचेच तेल वापरावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे दमट किनाऱ्यावर दीर्घकाळ साठवलेल्या मिश्रणाच्या तळाशी पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊ शकतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून, इंधनाची नळी सोडवून आणि इंजिन पिंपातील पाण्यात ठेवून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, तर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात चिकट थर साचत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेलाचे थोडे थेंब सोडणे आणि दोरी हळूच ओढून ते सर्वत्र पसरवणे हा त्यापुढचा टप्पा होय. त्यानंतर इंजिन उभे ठेवावे, म्हणजे उरलेले पाणी निथळून जाते.

प्लगचा रंगही इंजिनाची हकीकत सांगतो: फिकट तपकिरी रंग समतोल दाखवतो, ओला काळा थर तेल किंवा पेट्रोल जास्त असल्याचे सुचवतो, तर पांढरा पडलेला प्लग अतिउष्णतेचा इशारा देतो. खरेदीपूर्वी सिलिंडरचा दाब मापून पाहावा आणि दोन सिलिंडर असल्यास दोन्हींत फार तफावत नाही याची खात्री करावी, कारण ज्या इंजिनात दाबच उरलेला नाही त्याची बाकीची दुरुस्ती म्हणजे पैशांचा अपव्यय होय.

रस्त्यावर बंद पडलेली गाडी कडेला उभी करता येते. ओहोटीच्या ओढीत बंद पडलेली होडी मात्र समुद्राकडे वाहत जाते. त्यामुळे वापरलेले इंजिन घेणाऱ्याने विक्रेत्याचा शब्द काहीही असो, इंपेलर, प्लग, गिअर ऑइल आणि इंधनाची नळी या चार गोष्टी पहिल्या फेरीपूर्वी बदलण्याइतकी रक्कम किमतीतून राखून ठेवावी, केलेल्या कामाची तारीखवार नोंद वहीत ठेवावी आणि इंजिन कितीही विश्वासाचे झाले तरी वल्हे, नांगर व जीवरक्षक जाकीट घेतल्याशिवाय होडी किनाऱ्यावरून ढकलू नये.