शाळेंतील अभिरूप न्यायालय

शाळेच्या स्नेहसंमेलनांत नाटक होतें, गाणीं होतात, वक्तृत्वाची चढाओढ होते. अभिरूप न्यायालय मात्र क्वचितच दृष्टीस पडतें. ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथील एखाद्या शाळेनें असें पथक उभें करावयाचें ठरविलें आणि आपल्या मुलानें किंवा मुलीनें त्यांत नांव दिलें, कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा: "तुला काय वकील व्हावयाचें आहे?" माझ्या मतें वकिली हा यांतला अगदीं गौण भाग होय. दुसऱ्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेणें, हें या खेळांतलें खरें शिक्षण.

प्रथम स्वरूप सांगतों. एक खटला निवडावयाचा, घडलेला किंवा कल्पिलेला. न्यायाधीश, आरोपी, दोन्ही पक्षांचे वकील, साक्षीदार आणि पुकारा करणारा पट्टेवाला, इतकीं पात्रें. साक्षीदारांच्या जबान्या आधीं लिहून सर्वांच्या हातीं दिलेल्या असतात. त्यांत पदरचें कांहीं घालावयाचें नाहीं. प्रश्न मात्र लिहिलेले नसतात. नाटकांत समोरच्याचें पुढचें वाक्य आपणांस पाठ असतें. येथें कोणता प्रश्न येईल आणि विरुद्ध बाजूचा वकील केव्हां हरकत घेईल, हें कोणासच ठाऊक नसतें. अमेरिकेंत अशा शालेय पथकांचे राष्ट्रीय सामने १९८४ पासून होत आले आहेत. तेथील एक नियम आपण अवश्य उचलावा. प्रत्येक पथकाला एका फेरींत फिर्यादीची बाजू मांडावी लागते आणि दुसऱ्या फेरींत आरोपीची.

पुराव्याचे नियम मुलांना जड जातील अशी पुष्कळांना भीति वाटते, पण तसें होत नाहीं. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी साक्षीदार तपासण्याची रीत तीच आहे. ज्यानें साक्षीदार बोलाविला त्यानें आधीं सरतपासणी करावयाची, मग विरुद्ध पक्षानें उलटतपासणी, आणि जरूर पडल्यास फेरतपासणी. सरतपासणींत उत्तर सुचविणारा प्रश्न चालत नाहीं. "त्या रात्रीं तूं आरोपीला सायकल नेतांना पाहिलेंस ना?" असें विचारलें, कीं समोरचा हरकत घेणारच. "त्या रात्रीं तूं काय पाहिलेंस?" एवढेंच विचारावयाचें. उलटतपासणींत सूचक प्रश्नाला मोकळीक असते. शेजारच्या काकूंनीं सांगितलें म्हणून अमुक घडलें, ही ऐकीव गोष्ट. ती सामान्यतः पुरावा होत नाहीं. आठवड्याभरांत चौदा वर्षांचीं मुलें घरीं आईलाच "हरकत आहे, ही ऐकीव माहिती" असें सांगूं लागतात. तेवढा त्रास पालकांनीं सोसावा.

उलटतपासणी म्हणजे आरडाओरड, अशी समजूत सिनेमानें करून दिलेली आहे. डोंबिवलीच्या आमच्या वर्गांत सायकलचोरीचा एक कल्पित खटला बसविला होता. चहाच्या टपरीवरील साक्षीदार म्हणाला, "मीं आरोपीला टपरीसमोरच्या दिव्याच्या उजेडांत ओळखलें." आरोपीच्या एका वकिलानें, चांगल्या धिप्पाड मुलानें, टेबलावर मूठ आपटून दहा प्रश्न फेंकले, साक्षीदार तसूभर हलला नाहीं. दुसरी वकील होती एरवीं वर्गांत तोंड न उघडणारी एक मुलगी. तिनें उठून हळूच विचारलें, "टपरी रोजच्यापेक्षां लौकर कां बंद केलीत?" "सगळ्या रस्त्याची वीज गेली म्हणून." "वीज परत केव्हां आली?" "दुसऱ्या दिवशीं सकाळीं." "आणि आरोपीला पाहिलेंत तें केव्हां?" "टपरी बंद करून निघतांना." ती खालीं बसली. हें सारें जबानींत सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें. ध्यानांत घेतलें तिनें एकटीनें. "मग दिवा कोठून आला?" हा प्रश्न तिनें विचारलाच नाहीं. विचारला असता, तर साक्षीदाराला सारवासारव करावयास जागा मिळाली असती.

आतां खटला कोणता घ्यावा? माझी शिफारस रखमाबाईंच्या खटल्याची. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईंनीं पुढें सासरीं नांदावयास नकार दिला, तेव्हां त्यांचे पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं तो फेटाळला. अपिलांत तो निकाल फिरला. आणि १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. बाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्यें तडजोड झाली, आणि पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. वर्गांत सर्वांना बाईंचीच बाजू हवी असते. दादाजींची बाजू ज्याच्या वांट्याला येते तो रुसतो. पण कागद चाळूं लागला म्हणजे त्याला कळतें कीं, त्या वेळचा कायदा बराचसा आपल्याच बाजूनें होता. कायदा एकीकडे आणि मन दुसरीकडे, ही अडचण माणसाला पंधराव्या वर्षीं भेटलेली बरी. लोकमान्यांचा १९०८ चा खटलाही घेण्याजोगा आहे. फक्त त्यांत नऊ जणांची ज्यूरी होती आणि फौजदारी खटल्यांत ती पद्धत आपल्याकडे आतां राहिलेली नाहीं, हें आधीं समजावून द्यावें लागतें.

एका गोष्टीविषयीं मात्र फार जपलें पाहिजे. विजय तेंडुलकरांचें "शांतता! कोर्ट चालू आहे" हें नाटक रंगायन या संस्थेनें १९६७ मध्यें रंगभूमीवर आणलें. त्यांत हौशी मंडळी असाच खटला करण्यासाठीं एका गांवीं जातात. वेळ घालविण्याकरितां गंमत म्हणून आपल्यांतल्याच बेणारेबाईंना आरोपी करतात. आणि बघतां बघतां गंमत संपून बाईंच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड सुरू होते. हें केवळ नाटकांत घडतें असें समजूं नये. एका शाळेंत, नांव सांगत नाहीं, वर्गांतून हरवलेला मोबाइल हाच विषय घेतला आणि ज्याच्याविषयीं कुजबुज होती त्यालाच पिंजऱ्यांत उभें केलें. न्यायाधीश झालेल्या मुलानें "निर्दोष" म्हणून निकाल दिला, टाळ्या पडल्या. तो मुलगा सोमवारीं शाळेंत आला नाहीं, आणि पुढें त्यानें शाळाच बदलली. म्हणून पथकांत नांव देतांना मुलांनीं आणि पालकांनीं पहिली चौकशी ही करावी, कीं खटला कोणाचा आहे. शाळेंतल्या कोणाचें नांव, घर, जात किंवा खोडी त्यांत येत असेल तर सरळ नकार द्यावा, आणि शिक्षकांनीं त्याचा राग मानूं नये.

खरें न्यायालय एकदां पाहावें. डोंबिवलीकरांना कल्याणचें न्यायालय जवळ आहे, ठाणेकरांना जिल्हा न्यायालय आहेच. खटले सामान्यतः उघड्या न्यायालयांत चालतात. शिक्षकांनीं आधीं विचारून पांचसहा मुलें न्यावीं, मोबाइल बंद करवून मागच्या बांकावर बसवावीं. तारीख पडणें म्हणजे काय तें त्यांना तेथें कळेल. सिनेमांत तेवढें दाखवीत नाहींत. वाचनासाठीं कल्याणचें १८६४ चें सार्वजनिक वाचनालय आणि ठाण्याचें १८९३ चें मराठी ग्रंथसंग्रहालय आहे.

कामें वांटतांना सर्वांना वकील व्हावयाचें असतें. साक्षीदाराचें काम कोणी मागत नाहीं. वास्तविक तेंच अधिक कठीण. जबानीबाहेर जावयाचें नाहीं, ठाऊक नसेल तें ठाऊक नाहीं म्हणावयाचें, आणि समोरचा कितीही चिडवो, आवाज चढवावयाचा नाहीं. नवख्या मुलानें पहिल्या वर्षीं तें काम मागून घ्यावें.