तारांचा वंशवृक्ष

गेल्या वर्षीं श्रावणांत एके सायंकाळीं आमच्या आळींतील निम्म्या घरांची वीज गेली. वायरमन आला, रोहित्रापाशीं जाऊन आमच्या शाखेचे म्हणून फ्यूज त्यानें काढले आणि तो खांबावर चढला. तारेस हात लावण्यापूर्वीं नेमाप्रमाणें त्यानें टेस्ट लॅम्प लावून पाहिला, तों दिवा पेटला! आमची आळी पूर्वींच कोणीं दुसऱ्या रोहित्रावर जोडली होती. कागदावरील नकाशा मात्र जुनाच होता. त्या नेमामुळें एका घरचा कर्ता पुरुष वांचला.

रोहित्रापर्यंत येणाऱ्या ११,००० व्होल्टच्या वाहिन्यांची नोंद बहुधा नीट असते. तेथून पुढें २३० व्होल्टनें घरोघर जाणाऱ्या लघुदाब वाहिन्यांचें तसें नाहीं. पावसाळ्यांत तार तुटली कीं घाईनें जोडणी बदलते, आणि कोणतें घर कोणत्या रोहित्रावर व कोणत्या फेजवर आहे, हें पुष्कळदां वायरमनच्या स्मरणांतच राहतें.

हा वंशवृक्ष आतां घरोघरचे स्मार्ट मीटर आपण होऊन सांगूं शकतात. असा मीटर दर पंधरा वा तीस मिनिटांनीं विजेचा दाब नोंदतो. शेजारीं मोटार सुरू झाली कीं त्याच शाखेवरील, त्याच फेजच्या घरांचा दाब एकदम किंचित् उतरतो. इतरांचा तसा उतरत नाहीं. न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक तो हाच! कित्येक आठवड्यांच्या नोंदी ताडून संगणक एका शाखेचीं घरें निवडून काढतो.

अंतराचाहि अंदाज येतो. ५० चौरस मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेंतून २० अँपिअर प्रवाह शंभर मीटर नेला, तर जाणारी व परतणारी तार मिळून सुमारें सव्वादोन व्होल्ट दाब घटतो. घट आणि प्रवाह ठाऊक झाले म्हणजे तारेची लांबी गणितानें काढतां येते.

मात्र येथेंहि हेत्वाभास आहेत. मीटरचें घड्याळ चुकलें किंवा छपरावरील सौरपत्र्यांनीं दाब वाढविला, तर निष्कर्ष फसतो. म्हणून संगणकाचा नकाशा खांबोखांबीं पडताळला पाहिजे.

केंद्र सरकारनें २०२१ मध्यें मंजूर केलेल्या योजनेंत घरांप्रमाणें रोहित्रांवरहि मीटर बसविण्याची तरतूद आहे. लोकांत चर्चा होते ती बिलांचीच. मला त्या नोंदींचा हा दुसरा उपयोग अधिक मोलाचा वाटतो. तरीहि अनुमान कितीहि निर्दोष असलें, तरी खांबावर चढणाऱ्यानें प्रत्यक्ष प्रमाणच मागावें.