काचपेटीतली चिलटे आणि हातातला स्प्रे

पावसाळा लागून पंधरा-वीस दिवस झाले की इग्वाना पाळलेल्या अनेक घरांत एक नवी डोकेदुखी सुरू होते. काचपेटीच्या दिव्याभोवती आधी चार-दोन चिलटे दिसतात. आठवडाभरात त्यांचा घोळका होतो. एखादे चहाच्या कपात पडते, एखादे झोपलेल्या लहानग्याच्या नाकापाशी घिरट्या घालते. मग घरातले कोणी तरी वैतागून डासांचा स्प्रे हातात घेते आणि पेटीचे झाकण उघडते.

नेमके इथेच थांबायला हवे. चिलटांपासून होणाऱ्या त्रासापेक्षा त्या एका फवाऱ्यातून होणारी हानी कितीतरी मोठी असू शकते, प्राण्यालाही आणि माणसालाही.

फवारा काय करतो?

घरगुती स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके असतात. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात सापडणाऱ्या द्रव्याच्या धर्तीवर ती बनवलेली आहेत. मज्जातंतूंमध्ये संदेश पुढे जाताना सोडियमसाठीची सूक्ष्म दारे उघडतात आणि लगेच मिटतात. हे रसायन ती दारे मिटू देत नाही. मज्जातंतू पुन्हा पुन्हा उत्तेजित होत राहतो आणि कीटक तडफडून मरतो.

माणसाचे यकृत हे रसायन बऱ्यापैकी वेगाने निकामी करते, म्हणून खोलीत एकदा फवारल्याने धडधाकट माणसाला सहसा मोठा अपाय होत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचे तसे नसते. त्यांच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते आणि त्यानुसार औषध किंवा विष शरीराबाहेर टाकण्याचा वेगही बदलतो. त्यात पेटी बंदिस्त. फवाऱ्याचे थेंब काचेवर, पानांवर, पाण्याच्या भांड्यात बसतात आणि प्राणी दिवसभर तीच हवा घेतो, तेच पाणी पितो. अंग थरथरणे, तोल जाणे, उलटा पडल्यावर सरळ होता न येणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी प्राण्याला ताबडतोब मोकळ्या हवेत काढून पशुवैद्यकाकडे न्यावे.

घरात कोणाला दमा असेल तर फवाऱ्याने खोकला आणि धाप वाढते. काही जण फवाऱ्याऐवजी पेटीच्या कोपऱ्यात डांबरगोळ्या किंवा कापूर ठेवतात. तोही उपाय वाईटच. ‘जी-६-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये डांबरगोळीतल्या नॅप्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. लहान मुलाने कापूर गिळला तर झटके येऊ शकतात.

ताप उतरला, आजार तसाच

समजा हा धोका पत्करून फवारा मारलाच, तरी चिलटे जात नाहीत. उडताना दिसतात ती फक्त प्रौढ. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष खाली ओल्या भुशात सुरक्षित असतात. आठवड्याभरात पुढची पिढी उडू लागते. तापाच्या गोळीने ताप उतरतो, पण संसर्ग आत तसाच राहतो, त्यातलाच हा प्रकार. चिलटे हे लक्षण आहे. मूळ कुठे तरी साचलेल्या ओलीत किंवा कुजणाऱ्या अन्नात आहे आणि ते शोधण्यासाठी आधी चिलट ओळखावे लागते.

भुशावरून आणि कुंडीच्या मातीवरून अडखळत उडणारी, लांब पायांची काळसर चिलटे ही बुरशीवर जगणारी चिलटे. ती दोन ते चार मिलिमीटरची असतात. त्यांच्या अळ्या पारदर्शक आणि काळ्या डोक्याच्या असून ओल्या भुशातली बुरशी खातात. बटाट्याची चकती प्राण्याचे तोंड पोहोचणार नाही अशा ठिकाणी भुशावर दोन-तीन दिवस ठेवून उचलावी. अळ्या असतील तर चकतीच्या खालच्या बाजूला दिसतात.

लाल डोळ्यांची, पपईच्या उष्ट्या फोडीवर बसणारी ती फळमाशी. जनुकशास्त्रातल्या संशोधनासाठी थॉमस हंट मॉर्गन यांना १९३३ चे नोबेल मिळाले, ते याच माशीवर केलेल्या कामामुळे. प्रयोगशाळेत तिला पसंती मिळाली, कारण तिची वाढ झटपट होते. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी व्हायला जेमतेम दहा दिवस लागतात. उबदार पेटी तिला मानवतेच.

पाठीला कुबड असलेली आणि उडण्याऐवजी झपझप धावत सुटणारी माशी दिसली तर कुठे तरी विष्ठा किंवा मेलेला कीटक कुजतो आहे, असे समजावे. पतंगासारखे केसाळ पंख असलेली माशी बहुधा पेटीतून नव्हे, मोरीच्या जाळीतून येते. रात्री जाळीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवली तर सकाळी उत्तर मिळते. आणि सोंड दिसली तर तो डास. इग्वानाच्या पाण्याच्या भांड्यातही डेंग्यूचा डास अंडी घालू शकतो. आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळणाऱ्या घरात हे भांडे हमखास विसरले जाते. ते रोज घासून त्यात ताजे पाणी भरावे.

तीन-चार आठवड्यांचा उपचार

आधी इग्वानाला हवेशीर, उबदार अशा दुसऱ्या खोक्यात कागदावर ठेवावे. पेटीतला सगळा भुसा पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर टाकावा. पेटी साबणाच्या गरम पाण्याने घासावी. ब्लीच वापरायचे झाल्यास बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पातळ करावे, नंतर भरपूर पाण्याने धुऊन वास पूर्ण जाईपर्यंत पेटी वाळवावी. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

यानंतर तीन ते चार आठवडे पेटीत भुसा न घालता साधा कागद अंथरावा आणि तो रोज बदलावा. बुरशीवरच्या चिलटांचे जीवनचक्र साधारण एवढ्या काळात पूर्ण होते, म्हणून चार दिवसांत कंटाळून चालत नाही. पुढे नारळाचा भुसा पुन्हा घालायचा असेल तर उकळते पाणी ओतून, पूर्ण निववून आणि निथळून घालावा. इग्वानाला दमटपणा हवाच असतो, तो कमी पडला तर कात नीट सुटत नाही. मात्र हवा दमट असणे वेगळे आणि भुसा चिखलासारखा ओला असणे वेगळे. सकाळी पाणी शिंपडावे आणि संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकेल एवढी हवा खेळती ठेवावी. उष्टी पाने, फळे काही तासांतच काढून टाकावीत. इग्वाना चिलटे खाऊन टाकेल, या भरवशावर राहू नये. तो पालीसारखा दिसला तरी शाकाहारी आहे.

उरलेल्या चिलटांसाठी वाटीत व्हिनेगर आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि वासाने आलेली फळमाशी बुडते. शेतात वापरतात ते पिवळे चिकट सापळेही चालतात. दोन्ही गोष्टी पेटीच्या बाहेरच ठेवाव्यात, कारण चिकट कागदाला प्राण्याची कातडी चिकटली तर सोडवताना जखम होते. घरातल्या कुंड्यांत अळ्या असतील तर ‘बीटीआय’ हा जिवाणू उपयोगी पडतो. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात तो सापडला आणि आज डासांच्या अळ्या मारण्यासाठी जगभर वापरला जातो. फळमाशीवर मात्र त्याचा उपयोग होत नाही.

डॉक्टरांना सांगायची गोष्ट

चिलटांच्या निमित्ताने आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. इग्वाना, कासव, साप यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो, जिवाणू विष्ठेतून बाहेर पडत राहतात. विष्ठेवर बसलेली माशी उघड्या अन्नावर बसली किंवा पेटी पुसलेला हात तोंडाकडे गेला, की माणसाला संसर्ग होऊ शकतो. याच कारणाने अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी आली.

सहा तास ते सहा दिवसांत जुलाब, ताप, पोटदुखी सुरू होते. बहुतेकांना मीठ-साखर-पाण्याने, म्हणजे ‘ओआरएस’ने बरे वाटते आणि प्रतिजैविकांची गरज पडत नाही. तान्ही बाळे, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांमध्ये मात्र हा जिवाणू रक्तात शिरू शकतो. बाळांमध्ये तो मेंदूच्या आवरणापर्यंतही पोहोचू शकतो. म्हणून पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात असे प्राणी न पाळणेच बरे. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. आणि घरात कोणाला ताप-जुलाब झाले तर घरी इग्वाना आहे हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. पुष्कळदा ही माहिती दिलीच जात नाही, कारण विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही तिचा संबंध सुचत नाही.

कायद्याचेही थोडे. घोरपड, तारा कासव, देशी साप घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. इग्वानासारख्या परदेशी प्राण्याची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. नोंदणी केलेली असली म्हणजे आजारी प्राण्याला पशुवैद्यकाकडे नेताना मनात धास्ती राहत नाही.

महिनाभर कागद बदलत राहणे कंटाळवाणे आहे, स्प्रेचे बटण दाबणे सोपे. पण पेटी कोरडी आणि स्वच्छ राहिली की चिलटांना अंडी घालायला जागाच उरत नाही आणि स्प्रेला हात लावायची वेळच येत नाही.