छोटी मोटार घेण्यापूर्वी

मोटारगाडी ही केवळ धनिकांच्या दारातली वस्तू होय, असे मानण्याचा काळ फार दूर गेलेला नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट किंवा बंगालमधील उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर मिळावी म्हणून आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारी माणसे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहेत. त्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. मिळेल ती गाडी घ्यावयाची आणि देवाचे आभार मानावयाचे. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते एका ग्राहकास मिळाली आणि सामान्य नोकरदारही मोटारीचे स्वप्न पाहू लागला. १९९८ साली टाटांची इंडिका आली, तीही आपल्या पुण्याच्या कारखान्यातून. २००९ साली त्याच घराण्याची नॅनो एक लाख रुपयांची गाडी म्हणून रस्त्यावर उतरली.

आज अडचण नेमकी उलट आहे. शोरूममध्ये पाऊल ठेवताच इतक्या गाड्या आणि प्रत्येक गाडीचे इतके प्रकार समोर येतात की साधा माणूस गोंधळून जातो. अशा वेळी चकचकीत रंग पाहून, शेजाऱ्याचे ऐकून किंवा विक्रेत्याच्या गोड बोलण्याला भुलून निर्णय होतो. घर बांधणे आणि मुलीचे लग्न यांच्या खालोखाल कुटुंबाचा हा सर्वांत मोठा खर्च होय. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरी बसून तुलना कशी करावी, याचा थोडा विचार येथे मांडीत आहोत.

उदाहरणासाठी आम्ही मंचेरियल हे गाव घेतले आहे. बल्लारशाहून काझीपेठकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गोदावरीच्या काठी हे गाव वसले आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ पासून तेलंगणातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. भोवती सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी, रस्त्यावर कोळशाने भरलेले अवजड ट्रक, उन्हाळ्यात अंग भाजून काढणारी उष्णता आणि पलीकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा मराठी मुलूख. अशा सीमेवरच्या गावी राहणाऱ्या मराठी कुटुंबाला जे प्रश्न पडतात, ते थोड्याफार फरकाने आपणा सर्वांचेच आहेत.

लहान मोटार म्हणजे किती लहान?

चार मीटरहून अधिक लांब नसलेली, आणि पेट्रोलवर चालणारी असेल तर १२०० घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेली मोटार सरकारच्या लेखी लहान गणली जाते. डिझेलसाठी ही मर्यादा १५०० आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात अशा गाड्यांवरील उत्पादनशुल्क उतरविण्यात आले. तेव्हापासून आपल्या देशात चार मीटरांच्या आत बसणाऱ्या गाड्यांचे जणू पीकच आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी अधिभार धरून पेट्रोलच्या लहान गाडीवर तो २९ टक्के होता. कर उतरला त्या वेळी आल्टो के-१० ची आरंभीची किंमत सुमारे ३ लाख ७० हजार, टियागोची ४ लाख ५७ हजार, वॅगनआरची ५ लाखांच्या किंचित आत आणि स्विफ्टची ५ लाख ७९ हजारांच्या घरात होती.

परंतु ‘आरंभीची किंमत’ हे शब्द नीट ध्यानात ठेवावे. ती त्या गाडीच्या सर्वांत साध्या प्रकाराची किंमत असते, आणि तीही कर, नोंदणी व विमा सोडून. घरी आणून दारात उभी करीपर्यंत हा आकडा बराच फुगतो.

दुकानातील किंमत आणि घरातील किंमत

म्हणून पहिली तुलना कागदावर करावी. प्रत्येक गाडीसाठी मूळ किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा आणि इतर आकार अशी पाच घरे आखावी व विक्रेत्याकडून प्रत्येक आकडा लिहून घ्यावा. नव्या मोटारीस तीन वर्षांचा त्रयस्थ-विमा एकदम घ्यावा लागतो, हा २०१८ पासूनचा नियम आहे. मात्र विमा त्याच विक्रेत्याकडून घेतला पाहिजे असा कायदा नाही. बाहेर चौकशी केल्यास बहुधा काही हजार रुपये वाचतात.

सीमेवरच्या वाचकांना येथे एक मोह पडतो. तेलंगणातील आजीवन कर महाराष्ट्राहून काही टक्क्यांनी जड आहे. तेव्हा चंद्रपूरच्या नातलगाच्या पत्त्यावर गाडी नोंदवावी आणि मंचेरियलला चालवावी, असा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. परंतु मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी जेथे नेहमी ठेवली जाते तेथेच तिची नोंदणी व्हावयास हवी, आणि दुसऱ्या राज्यात ती बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणावा लागतो, नव्या राज्याचा कर भरावा लागतो आणि जुना कर परत मिळविण्यासाठी खेटे घालावे लागतात. वाचविलेले पैसे असे दुप्पट वाटेने निघून जातात. शिवाय प्रत्येक नाक्यावर पोलिसाने हात केला की छातीत धडधड होते, ती वेगळीच.

दुसरा हिशेब कर्जाचा. समजा, ६ लाख रुपये साडेनऊ टक्के व्याजाने काढले. पाच वर्षांत फेडावयाचे ठरविल्यास महिना सुमारे १२,६०० रुपये हप्ता पडतो व एकूण व्याज १ लाख ५६ हजार होते. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ९,८०० वर येतो, पण व्याज २ लाख २४ हजारांच्या घरात जाते. ‘हप्ता लहान’ या दोन शब्दांची किंमत अशी ६७-६८ हजार रुपये आहे. जो हप्ता मुलांच्या शाळेची फी आणि घरचे औषधपाणी भागवून निघत नाही, तो हप्ता आपला नव्हे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण मोटारीच्या बाबतीतही खरी आहे.

तिसरा हिशेब पेट्रोलचा. कंपनी जे ॲव्हरेज सांगते ते प्रयोगशाळेतील परीक्षेचे असते. रस्त्यावर ते कमी पडते. वर्षाला ८,००० किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाला लिटरमागे १६ किलोमीटर देणारी गाडी ५०० लिटर पेट्रोल मागेल आणि २० किलोमीटर देणारी ४००. लिटरला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागत असताना हा फरक वर्षाला दहा हजारांवर जातो. पण जे कुटुंब महिन्यातून चार-सहा वेळाच गाडी काढते, त्याने ॲव्हरेजच्या मागे फार धावू नये. सीएनजीच्या गाडीसाठी दीड किलोमीटरवर पंप आहे की पंचवीस किलोमीटरवर, हे आधी पाहावे. टाकी डिकीतील किती जागा खाते, हेही पाहावे.

जे डोळ्यांना दिसत नाही ते

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. चाकांची चकाकी दिसते, गाण्यांचा पडदा दिसतो. पण पत्र्याखालचा सांगाडा किती बळकट आहे ते दिसत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपी या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. आल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-१० आणि पोलो या त्या पाच गाड्या. एअरबॅग नसलेल्या त्यांच्या साध्या प्रकारांपैकी एकालाही एकही तारा मिळाला नाही. पुढे पोलोला दोन एअरबॅगा बसविताच तिला चार तारे मिळाले, कारण तिचा सांगाडा मुळातच भक्कम होता. ज्यांचा सांगाडाच कोलमडला होता, त्यांना नुसत्या एअरबॅगने तारले नसते.

त्या धक्क्याने पुष्कळ बदलले. २०१९ मध्ये चालकापुढील एअरबॅग आणि चाके अडकू न देणारे ब्रेक सक्तीचे झाले. २०२२ च्या आरंभापासून पुढे बसणाऱ्या दोघांसाठी एअरबॅग आवश्यक ठरली. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनसीएपी परीक्षा सुरू झाली. तरीही सर्व गाड्या सारख्या नाहीत. ग्लोबल एनसीएपीच्या परीक्षेत प्रौढांच्या संरक्षणासाठी टियागोला २०२० मध्ये चार आणि पंचला २०२१ मध्ये पाच तारे मिळाले. २०२३ मध्ये आल्टो के-१० ला दोन व वॅगनआरला एकच तारा मिळाला. आणि त्याच मारुती कंपनीच्या नव्या डिझायरने २०२४ मध्ये पाच तारे मिळविले. म्हणजे कंपनीचे नाव पुरेसे नाही. त्या विशिष्ट गाडीचा निकाल पाहिला पाहिजे. परीक्षेचे नियम २०२२ मध्ये कडक झाले, तेव्हा निकालाचे वर्षही पाहावे. मागाहून एअरबॅगांची संख्या वाढविली असेल तर चांगलेच. पण सांगाडा तोच आहे की नवा, हे विचारावे.

कोळशाच्या ट्रकांमधून रात्री वाट काढणाऱ्या कुटुंबाला हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. आणि पाच ताऱ्यांची गाडी घेतली म्हणजे जबाबदारी संपली, असेही नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री अपघातात मरण पावले. गाडी अत्यंत महाग होती. पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे तपासात आढळले. मागच्या आसनावर आपण कोणाला बसवितो? आजीला आणि लेकरांना. तेव्हा गाडी पाहताना मागचे पट्टे ओढून, लावून पाहावे. लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणे हा लाड नव्हे, धोका आहे. चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालासन हवे, असे कायदाही सांगतो.

घरच्या माणसांसह पाहावी

शेवटची तुलना कागदावर होत नाही. गाडी चालवून पाहावयास एकट्या कर्त्या पुरुषाने जाऊ नये. सारे कुटुंब न्यावे. पाच माणसे बसवून, वातानुकूलन चालू ठेवून उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवावी व पुन्हा काढावी. इंजिनाचा खरा दम तेथे कळतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला आत बसता-उठता येते का, हे तिलाच विचारावे. वॅगनआरसारखी उंच गाडी येथे सरस ठरते आणि तिची डिकीही ३४१ लिटरची आहे. स्विफ्टची २६५ व टियागोची २४२ लिटर आहे. एका गाडीत सर्व गुण नसतात. तारे अधिक तेथे डिकी लहान, जागा ऐसपैस तेथे तारे थोडे, असे आढळेल. काय सोडावयाचे आणि काय सोडावयाचे नाही, हे घराने मिळून ठरवावे. आमचे मत विचाराल तर गाण्यांचा पडदा सोडावा, रंग सोडावा, फार तर वर्षभर थांबावे. पण सांगाड्याचा भक्कमपणा आणि मागचे पट्टे सोडू नयेत.

पैसे भरण्यापूर्वी दुरुस्तीचे अधिकृत केंद्र किती दूर आहे याची चौकशी करावी आणि गाडीच्या निर्मितीचा महिना व वर्ष तपासावे. नोंदणी-पुस्तकात हेच वर्ष उतरते व गाडी विकताना किंमत त्यावरूनच ठरते. हौसेला मोल नसते असे म्हणतात. हप्त्याला मात्र असते, आणि मागच्या आसनावर निजलेल्या लेकराच्या जिवाचे मोल तर कोणत्याच दरपत्रकात लिहिलेले नसते. ते आईबापांनीच तुलनेच्या कागदावर सर्वांत वरच्या ओळीत लिहावयाचे असते.