यंदा चांदी नाही, कार्ड!

खामगावात उभा जन्म काढलेल्या माणसाला, "धनत्रयोदशीला काय घेतलेत?" असे कोणी विचारीत नाही. आमच्या गावाला लोक 'रजतनगरी' म्हणतात. दूरदूरची माणसे इथे चांदी घ्यायला येतात. मग गावच्या माणसाने त्या दिवशी सराफ्यात गेल्यावाचून राहावे कसे? आमच्या घरी लग्न झाल्यापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता. कधी वाटी, कधी फुलपात्र, अगदीच ओढाताण असली तर लक्ष्मीचे नाणे. तो नेम मोडला २०२५ च्या धनत्रयोदशीला. त्या दिवशी आमच्या देव्हाऱ्यापुढे हळदकुंकू वाहिले गेले ते एका काळ्या, विटेएवढ्या जड, तीन पंख्यांच्या वस्तूवर! त्या वस्तूचे नाव ग्राफिक्स कार्ड.

आमची कन्या शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडली आणि पुण्यातील एका कचेरीचे काम घरी बसून करू लागली. जी इमारत अजून बांधलीच नाही, ती बांधल्यावर कशी दिसेल, खिडकीतून ऊन कुठवर येईल, हे संगणकावर हुबेहूब दाखवायचे, असे ते काम. त्यासाठी ती 'ब्लेंडर' वापरते. हे नाव प्रथम ऐकले तेव्हा सौभाग्यवतींनी, "घरात मिक्सर असताना आणखी कशाला?" असे विचारले होते. पण हा ब्लेंडर चटणीचा नव्हे, चित्रांचा. आणि विशेष म्हणजे फुकट मिळणारा!

मात्र दिवाळीच्या आधी दोन महिने हा संगणक हट्टाला पेटला. चित्र जरा मोठे झाले की काम अर्ध्यावर टाकून बसायचा. शेवटी कचेरीतून निरोप आला: घरचे यंत्र सुधारा, नाहीतर पुण्याला येऊन इथल्या यंत्रावर काम करा. पुण्याला जाणे म्हणजे खोलीचे भाडे, खानावळ आणि इकडे आम्ही दोघे व आमची पंच्याऐंशी वर्षांची आई. घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही.

"बाबा, बिघाड काही नाही," कन्येने मला समजावले. "कार्डाची स्मृती कमी पडते."

आता संगणकात एक मुख्य मेंदू असताना हे दुसरे कार्ड कशाला, असे वाचकांप्रमाणे मलाही वाटे. त्याचे उत्तर मला आमच्या गावाच्या इतिहासात सापडले. १८७० साली कापसासाठी जलंबहून खामगावापर्यंत रेल्वेचा फाटा आला. अशा कापसाच्या पेठेत हिशेब ठेवणारा मुनीम एकच असतो; पण गाड्या रिकाम्या करायला हुशार मुनीम दहा असूनही भागत नाही, तिथे शेकडो हात लागतात. संगणकाचा मुख्य मेंदू हा मुनीम. ग्राफिक्स कार्ड म्हणजे तो हमालांचा जथा. पडद्यावरील लक्षावधी ठिपक्यांपैकी प्रत्येकाचा रंग ठरवायचा, तो हिशेब साधाच. पण सगळ्यांचा एकाच वेळी करायचा. आमच्या जुन्या कार्डात, म्हणजे २०१९ साली निघालेल्या 'आरटीएक्स २०६०' मध्ये, असे १,९२० गणक होते आणि स्मृती ६ जीबी. कन्येने निवडलेल्या 'आरटीएक्स ५०७० टीआय' मध्ये गणक ८,९६० आणि स्मृती १६ जीबी. हमाल वाढले आणि गोदामही वाढले, असे म्हणा ना!

पण किंमत? ऐंशी हजारांच्या घरात, अठरा टक्के करासह. मी चष्मा काढून पुन्हा पुसला.

शेजारचे एक निवृत्त स्नेही चहाला आले होते. ते म्हणाले, "अहो, चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली आहे. चांदी घेतलीत तर चढेल. हे कार्ड पेटीतून बाहेर काढले की निम्म्यावर येईल. व्यवहार पाहा जरा!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी मान डोलावणार, इतक्यात सौभाग्यवती आतून आल्या. त्यांच्या हातात भिशीचे पैसे होते. कन्येच्या लग्नात द्यायच्या चांदीच्या ताटासाठी त्यांनी ते तीन वर्षे साठवले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "चांदी कपाटात ठेवूनही वाढते. पोरीची विद्या कपाटात ठेवून वाढत नाही."

चहाचा कप खाली ठेवून स्नेही म्हणाले, "मग प्रश्नच मिटला."

परंतु प्रश्न मिटला नव्हता. "घर पाहावे बांधून" म्हणतात, तसे 'संगणक पाहावा उघडून' असेही म्हणायला हरकत नाही. कन्येने प्रथम माझ्या हाती शिवणकामाची टेप दिली. जुने कार्ड वीतभर होते, नवे फूटभर. ते पेटीत मावते की नाही हे पैसे देण्याआधी पाहायला हवे होते. सुदैवाने दोन बोटे जागा उरत होती.

मग विजेचा हिशेब. जुने कार्ड १६० वॅट घेई, नव्याला ३०० वॅट लागतात. मुख्य मेंदूचे सव्वाशे आणि इतर पाऊणशे धरले की बेरीज पाचशेवर जाते. आमच्या पेटीतील वीजपुरवठ्याचा डबा ५५० वॅटचा. म्हणजे ताणून बसवलेले जोडे! तो बदलून ७५० वॅटचा घ्यावा लागला. कोपऱ्यातला यूपीएस ६०० व्हीएचा होता. तो साडेतीनशे वॅटच्या आसपासच झेपवतो, हे मला तेव्हा कळले. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथे तोही बदलणे भाग होते. तात्पर्य, कार्डाच्या किमतीत आणखी दहा-पंधरा हजार धरूनच वाचकांनी या फंदात पडावे.

तिसरा शत्रू उन्हाळा. आमच्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आहेत. बुलढाण्याची हवा थंड. खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली भाजून निघतात. पेटी उघडली तेव्हा आतल्या पंख्यांवर धुळीची आणि तंतूंची गादीच सापडली. ती साफ केली, पेटी भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि मागे आणखी एक पंखा बसवला.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कार्ड बसवायचे ठरले. आदल्या रात्री कन्येने आपले सारे काम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. वीज बंद केली, तारा काढल्या आणि अंगातली स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावला. जुने कार्ड स्क्रू व खटका सोडवून अलगद निघाले. नवे 'खट्' आवाज येईपर्यंत दाबले. वीज देणारी सोळा टोकांची तार तिने दोनदा तपासली. २०२२ साली महागड्या कार्डांच्या अशा तारा अर्धवट बसल्यामुळे वितळल्या होत्या, हे तिला ठाऊक होते.

बटण दाबले. पंखे फिरले. पडदा मात्र काळा ठिक्कर!

कोणी काही बोलेना. तीन वर्षांची भिशी माझ्या डोळ्यांपुढून गेली. सौभाग्यवतींनी देवाकडे पाहिले. कन्या मुकाट्याने पेटीच्या मागे वाकली आणि एकदम हसू लागली. "बाबा, पडद्याची तार तुम्ही लावलीत ना? ती कार्डात लावायची असते. तुम्ही जुन्या मुनिमाच्या खिडकीत लावलीत!"

तार बदलताच पडदा उजळला. नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला संगणकाची भाषा शिकवणारा दुभाषी, अर्ध्या तासात बसला. पूर्वी चाळीस मिनिटे घेणारे चित्र सात मिनिटांत तयार झाले. पुण्याला त्याच रात्री कळवले गेले, की येणे होणार नाही.

कार्डाची खरी कसोटी मात्र भाऊबीजेला लागली. माझी आई मेहकरकडची. लोणारच्या दैत्यसूदनाचे दर्शन पुन्हा एकदा घडावे, अशी तिची इच्छा. पण गुडघे घराचा उंबरठाही ओलांडू देत नाहीत. कन्येने तिथे जाऊन देवळाचे शेकडो फोटो काढून आणले होते. त्यांतून सबंध देऊळ उभे करण्याचा तिचा प्रयत्न जुन्या कार्डावर दरवेळी अर्ध्यावर फसत होता. त्या संध्याकाळी आजीला पडद्यापुढे खुर्चीत बसवले. ताऱ्याच्या आकाराचा पाया, कोरीव भिंती, देऊळ हळूहळू फिरू लागले. आईने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि विचारले, "आतून दाखवता येते का गं?"

"आतले फोटो काढायचे राहिले आजी. पुढच्या महिन्यात जाऊन येते."

जुने कार्ड आम्ही भंगारात दिले नाही; ते भाच्याच्या संगणकात सुखाने नांदते आहे. चांदीच्या ताटासाठी नवी भिशी सुरू झाली आहे. तिचा हप्ता आता कन्या स्वतःच्या कमाईतून भरते. शेजारच्या स्नेह्यांचे गणित अजून चुकलेले नाही: चांदी चढलीच. पण परवा तेच आपल्या नातवाला घेऊन आले आणि हळूच विचारू लागले, "ते कार्ड घेण्याआधी पेटी कशी मोजली होती तुम्ही?"

मी त्यांच्या हाती टेप दिली.