रिपोर्टवर ‘ॲक्यूट’ लिहिलंय? म्हणजे आजार गंभीरच, असं नाही

बारामती : जुलाब-उलट्यांनी बेजार झालेला रुग्ण बारामती किंवा इंदापूरच्या दवाखान्यात दाखल होतो, दोन-तीन दिवसांत सलाइन घेऊन घरी परततो. मग कुणीतरी डिस्चार्ज कार्ड वाचतं : ‘ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस’. ॲक्यूट म्हणजे तीव्र, तीव्र म्हणजे गंभीर, असा हिशेब मांडून घर पुन्हा काळजीत पडतं.

या शब्दाचा लॅटिन मूळ अर्थ टोकदार. ९० अंशांहून लहान कोन टोकदार दिसतो, म्हणून इंग्रजीत तो ‘ॲक्यूट’. मराठी पाठ्यपुस्तकानं टोक सोडून माप धरलं आणि त्याला ‘लघुकोन’ म्हटलं. बुद्धीला हाच शब्द लावला, तर मराठीत ती तल्लख होते.

डॉक्टर मात्र या शब्दातून वेळ सांगतात : आजार अचानक किंवा अलीकडे सुरू झालेला. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘सौम्य’ नाही, तर ‘क्रॉनिक’, म्हणजे दीर्घकाळचा. खरी गल्लत इथे महागात पडते. ‘जुनाट आहे, चालायचंच’ म्हणून क्रॉनिक आजाराच्या गोळ्या सुटतात. मूत्रपिंडाचा बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकला की तो क्रॉनिक ठरतो, आणि अनेकदा तोच हळूहळू डायलिसिसपर्यंत नेतो. अचानक झालेला बिघाड वेळेत उपचार मिळाले तर पुष्कळदा भरूनही येतो.

अंगणवाडीतले ‘सॅम’ आणि ‘मॅम’ हे शब्द आईवडिलांच्या कानावर असतात. दोन्हींतला ‘ॲ’ ॲक्यूटचाच : सिव्हिअर ॲक्यूट आणि मॉडरेट ॲक्यूट कुपोषण. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर सॅम; ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मॅम. ॲक्यूटचा अर्थ गंभीर असता, तर ‘मॉडरेट ॲक्यूट’ म्हणजे ‘मध्यम गंभीर’, असलं काहीतरी विचित्र झालं असतं!

गोंधळाला बातम्याही जबाबदार आहेत. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यानं दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत बारामती आणि इंदापूर होते. अशा वेळी इंग्रजी बातमीत ‘ॲक्यूट वॉटर शॉर्टेज’ असतं. तिथे मात्र अर्थ गंभीर टंचाई असाच.

आणि हो, हार्ट अटॅकच्या वैद्यकीय नावातही ‘ॲक्यूट’ आहे. तिथे मिनिटं मोलाची असतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : हा त्रास कधीपासूनचा आहे? आणि तो कितपत गंभीर आहे?