रक्तदाब एकटीचा नसतो

अमेरिकेत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे. आनुवंशिकतेकडे बोट दाखवून हा प्रश्न कितीतरी वर्षं बाजूला सारला गेला. आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ साली वेगळी मांडणी केली: वर्णभेद, तुटपुंजं उत्पन्न आणि सगळ्या घराचा भार सोसता सोसता या स्त्रियांचं शरीर अकाली झिजतं. ही मांडणी मला पटते. मग ‘मीठ कमी करा, चाला, ताण घेऊ नका’ हा सल्ला एकट्या बाईच्या हाती ठेवून कसं भागेल?

एकत्र येण्याची वाट कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या बिली एव्हरी यांनी दाखवली. त्यांचे पती ३३व्या वर्षी हृदयविकाराने गेले. पुढे, १९८३ मध्ये, एव्हरींनी अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर परिषद भरवली. त्यातून उभ्या राहिलेल्या कामात बायकांचे स्वमदत गट होते. तिथे त्या आधी एकमेकींचं आयुष्य ऐकून घेत.

अशा सोबतीचा रक्तदाबावर किती परिणाम होतो, हे न्यूयॉर्कमधल्या ३२ चर्चमध्ये तपासलं गेलं. ३७३ कृष्णवर्णीय रुग्ण, त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया. निम्म्या चर्चमध्ये मुख्यतः तज्ज्ञांची आरोग्य-व्याख्यानं झाली. उरलेल्या चर्चमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य स्वयंसेवकांनी ११ आठवडे, दर वेळी दीड तास, गटाच्या बैठका घेतल्या: आहार, व्यायाम, औषधं नियमित घेणं. नंतर प्रत्येकाशी तीनदा स्वतंत्र बोलणं. त्यात उपदेश नव्हता, ‘तुम्हाला काय जमेल?’ ही विचारणा होती. सहा महिन्यांनी वरचा रक्तदाब व्याख्यानांच्या गटात सुमारे ११ अंकांनी उतरला, बैठकांच्या गटात सुमारे साडेसोळा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा साडेपाच-सहा अंकांचा फरक लहान वाटेल. पण एवढ्यानेही पक्षाघाताचा धोका घटतो.

स्वयंपाकघरातली अडचण मात्र खरी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय घरांत कोलार्डची पालेभाजी खारवलेल्या, धुरावलेल्या डुकराच्या मांसासोबत शिजते. ती आजीची चव. ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरपेक्षा कमी मिठात, लसूण-व्हिनेगर घालून तीच भाजी करून आणणारी शेजारीण जास्त उपयोगी पडते, असं मला ठामपणे वाटतं.

घरी बीपी मोजणाऱ्यांनी पट्टा दंडाच्या मापाचाच घ्यावा. आखूड पट्टा आकडा फुगवून दाखवतो. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावं. आणि गट कितीही चांगला असला तरी डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. चर्चमधल्या त्या बैठकांतही औषध वगळलेलं नव्हतं.